सुंढिया ते टोकियो : भाविना पटेलची वाटचाल

दरवर्षी २९ ऑगस्ट हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांचा हा जन्मदिवस. २०२१ साली हा दिवस रविवारी आला होता. त्या दिवशी सकाळीच जपानच्या टोकियो शहरातून बातमी आली की पॅरालिम्पिक स्पर्धेत भारताला टेबल टेनिसमध्ये रौप्यपदक मिळाले. पदक मिळवणारी खेळाडू होती गुजरातची चौतीस वर्षांची भाविना पटेल. ती चाकाच्या खुर्चीत बसून खेळते. टोकियोच्या त्या स्पर्धेतले भारताचे हे पहिले पदक होते. टेबल टेनिस या खेळात ऑलिम्पिक किंवा पॅरालिम्पिकच्या मंचावर त्याआधी एकही भारतीय चढलेला नव्हता.

ही बातमी आपणही टीव्हीवर पाहिली असेल, मोबाइलवर वाचली असेल आणि दोन दिवसांत विसरूनही गेलो असू. बातमीत पदक दिसते, पण पदकाच्या मागची वीस-तीस वर्षे दिसत नाहीत. या अंकात आम्ही भाविनाबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत. तिच्या गोष्टीत आपल्या घरांनी विचार करावा असे बरेच काही आहे.

गाव आणि घर

गुजरातच्या महेसाणा जिल्ह्यात वडनगरजवळ सुंढिया नावाचे गाव आहे. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी तिथे भाविनाचा जन्म झाला. वडील हसमुखभाई यांचे गावात छोटे दुकान. खाऊन-पिऊन सुखी म्हणावे इतकेही नाही, असे घर. मुलगी साधारण वर्षाची असताना तिला पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतली ताकद गेली.

आपल्या देशात सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला होता. तो टप्प्याटप्प्याने एकेका जिल्ह्यात पोहोचत होता आणि खेड्यापाड्यांत तर उशिराच पोहोचला. त्या पिढीतली हजारो मुले अशा रीतीने डोसाच्या अलीकडे राहिली. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात जातो. दूषित पाणी, न धुतलेले हात ही त्याची वाट. तो आतड्यांत वाढतो आणि क्वचित काही मुलांत मज्जारज्जूपर्यंत पोहोचून स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारून टाकतो. साधारण दोनशे मुलांना लागण झाली तर त्यांतल्या एकाला कायमचा लकवा होतो. पायाला स्पर्श कळतो, दुखले-खुपले कळते, पण पाय उचलत नाही.

आई-वडिलांनी इलाजासाठी धावपळ केली, शस्त्रक्रियाही झाली. हवा तसा गुण आला नाही. मात्र एक गोष्ट त्यांनी केली. मुलीला शाळेतून काढले नाही. गावच्याच शाळेत ती बारावीपर्यंत शिकली. पुढे तिने पत्रद्वारे अभ्यास करून संस्कृत विषयाची पदवीही घेतली.

अहमदाबादची वाट

बारावीनंतर काय, हा प्रश्न धडधाकट मुलीच्या घरातही उभा राहतो. मुलगी चालू शकत नसेल तर बहुतेक घरांत तो विचारलाही जात नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले असते. हसमुखभाईंनी २००४ च्या सुमारास मुलीला अहमदाबादच्या ब्लाइंड पीपल्स असोसिएशनमध्ये, म्हणजे अंधजन मंडळात पाठवले. नाव अंधांचे असले तरी या संस्थेत इतर अपंग मुला-मुलींनाही शिक्षण आणि कामाचे प्रशिक्षण मिळते. तिथे भाविनाने कॉम्प्युटरचा कोर्स घेतला. पोटापाण्याची सोय व्हावी एवढाच घरच्यांचा हेतू होता.

संस्थेत एक टेबल टेनिसचे टेबल होते आणि काही मुली चाकाच्या खुर्चीत बसून खेळत होत्या. भाविनानेही हाती बॅट घेतली. सुरुवातीला तो विरंगुळा होता, व्यायाम होता. प्रशिक्षक ललन दोशी यांच्या हाताखाली मात्र खेळाला शिस्त आली आणि विरंगुळ्याचे रूपांतर रोजच्या सरावात झाले. इथेच तिला सोनल पटेल ही जोडीदार मिळाली. तीही पोलिओमुळे खुर्चीत आलेली. पुढे दोघी भारताच्या संघात बरोबर खेळल्या आणि दोघींनीही आंतरराष्ट्रीय पदके मिळवली.

आम्हाला या सगळ्यात ते टेबल महत्त्वाचे वाटते. त्या इमारतीत टेबल नसते तर कॉम्प्युटर शिकून ती कुठेतरी नोकरीला लागली असती. तेही वाईट नव्हते. पण तिच्या हातात काय आहे, हे तिला स्वतःलाही कधी कळले नसते.

बसून खेळायचा खेळ

अपंगांचे टेबल टेनिस म्हणजे खेळाची सोपी आवृत्ती, असा समज आहे. तो दूर व्हायला हवा. टेबल तेच असते. लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर, उंची ७६ सेंटिमीटर. जाळी तीच, चेंडूही तोच, चाळीस मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम २.७ ग्रॅम वजनाचा. अकरा गुणांची गेम, दहा-दहा झाले की दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत खेळायचे, हा नियमही तोच.

खेळाडूंचे मात्र त्यांच्या शरीराच्या क्षमतेनुसार वर्ग केलेले असतात. एक ते पाच हे वर्ग खुर्चीत बसून खेळणाऱ्यांचे, सहा ते दहा उभ्याने खेळणाऱ्यांचे आणि अकरावा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचा. आकडा जितका लहान तितका शरीराचा अडथळा मोठा. भाविना चौथ्या वर्गात खेळते. या वर्गातल्या खेळाडूंचे हात चांगले चालतात, कमरेच्या वरचा तोलही बऱ्यापैकी सांभाळता येतो, पण पायांचा आधार मिळत नाही.

खुर्चीतल्या खेळात सर्व्हिसचा एक वेगळा नियम आहे. एकेरीत सर्व्हिसचा चेंडू समोरच्याच्या बाजूला टप्पा पडून कडेने बाहेर गेला, किंवा उलटी फिरकी घेऊन जाळीकडे परत आला, तर ती सर्व्हिस धरत नाहीत, पुन्हा करायची असते. नाहीतर प्रत्येकाने तिरकी सर्व्हिस करून फुकटात गुण मिळवले असते. खेळताना पाय जमिनीला टेकवून जोर घेता येत नाही आणि मांड्या बैठकीवरून उचलता येत नाहीत.

आता विचार करा. उभा राहणारा खेळाडू दोन पावले मागे सरकून वेगवान चेंडू घेतो, पुढे झेपावून जाळीजवळचा चेंडू उचलतो. खुर्चीतल्या खेळाडूला यातले काही करता येत नाही. एका हातात बॅट, दुसऱ्या हाताने खुर्ची आणि तोल सांभाळायचा. प्रतिस्पर्ध्याला ही अडचण ठाऊक असते, म्हणून तो एक चेंडू जाळीला चिकटून आखूड टाकतो आणि पुढचा कोपऱ्यात लांब. चेंडू सुटायच्या आधीच तो कुठे येणार हे ओळखावे लागते. पाय जे काम करतात ते इथे डोळ्यांनी आणि डोक्याने करायचे असते.

दहा-बारा वर्षांची कमाई

२००७ मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाविनाला सुवर्णपदक मिळाले. २००९ मध्ये ती जॉर्डनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली. पहिले आंतरराष्ट्रीय पदक मिळायला आणखी दोन वर्षे लागली. २०११ मध्ये थायलंडच्या स्पर्धेत तिने रौप्य मिळवले आणि जागतिक क्रमवारीत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. २०१३ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा रौप्य.

हे वाचायला दोन ओळी लागतात. जगताना त्यात शंभर अडचणी असतात. खेळासाठी लागणारी चाकाची खुर्ची साधी नसते आणि महाग असते. परदेशी जायचे तर खुर्ची, सामान, विमान, उतरण्याची सोय, सोबतीला माणूस असे सगळे जुळवावे लागते. शिवाय अपंगांच्या स्पर्धांना तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळींची जागाही मिळत नसे.

२०१६ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात पॅरालिम्पिक होती. भाविना पात्र ठरली होती, पण तांत्रिक कारणाने तिला जाता आले नाही. चार वर्षांतून एकदा येणारी संधी कागदपत्रांच्या पातळीवर हुकली. इथे कुणीही म्हणाले असते, बस झाले, वय तीस झाले, आता घर-संसार. २०१७ मध्ये तिचे निकुंज पटेल यांच्याशी लग्न झाले. ते स्वतः तरुणपणी क्रिकेट खेळलेले. लग्नानंतर खेळ सुटला नाही, उलट घरातून साथ वाढली. त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले. अहमदाबादमध्ये कर्मचारी राज्य विमा महामंडळातली नोकरी सांभाळून ती सराव करत राहिली.

टोकियोची स्पर्धा २०२० मध्ये व्हायची होती. कोरोनामुळे ती एक वर्ष पुढे गेली आणि सगळी क्रीडा संकुले बंद झाली. भाविनाने घरातच टेबल मांडले. केंद्र सरकारच्या ‘टार्गेट ऑलिम्पिक पोडियम’ योजनेतून तिला चेंडू फेकणारे यंत्र आणि खेळासाठीची खुर्ची मिळाली. समोर माणूस नसला तरी यंत्र हजारो चेंडू टाकत राहते. कधी आखूड, कधी लांब, कधी फिरकीचे. लॉकडाऊनमध्ये आपण घरात बसून कंटाळलो होतो. ती त्याच घरात बसून टोकियोची तयारी करत होती.

टोकियोतले पाच दिवस

२५ ऑगस्ट २०२१. पहिलाच सामना चीनच्या झोऊ यिंगशी. ती या वर्गातली जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू. निकाल ३-११, ९-११, २-११. तीन गेममध्ये मिळून भाविनाला फक्त चौदा गुण मिळाले.

पहिल्या पॅरालिम्पिकची अशी सुरुवात कुणालाही खचवणारी आहे. गटात तिघीच होत्या. दुसरा सामना हरला असता तर स्पर्धा तिथेच संपली असती. दुसऱ्या दिवशी समोर ब्रिटनची मेगन शॅकल्टन होती. पहिली गेम भाविनाने ११-७ अशी घेतली, दुसरी ९-११ अशी गमावली. तिसरी गेम दहा-दहावरून पुढे सरकत राहिली आणि अखेर १७-१५ अशी भाविनाकडे आली. चौथीही १३-११. दोन-दोन गुणांच्या फरकाने ती स्पर्धेत टिकली.

२७ तारखेला एकाच दिवशी दोन सामने. सकाळी ब्राझीलच्या जॉयस डी ऑलिव्हेराला १२-१०, १३-११, ११-६ असे हरवले. त्यानंतर उपांत्यपूर्व फेरीत समोर आली सर्बियाची बोरिस्लाव्हा पेरिच रँकोविच. रिओ पॅरालिम्पिकची सुवर्णपदक विजेती. जाणकारांनाही इथे भाविनाचा प्रवास थांबेल असे वाटत होते. भाविनाने हा सामना ११-५, ११-६, ११-७ असा सरळ जिंकला. उपांत्य फेरीत पोहोचणाऱ्या प्रत्येकीला या स्पर्धेत पदक ठरलेले होते. म्हणजे पदक तर पक्के झाले.

पण ती तिथे थांबली नाही. २८ ऑगस्टला उपांत्य सामना होता चीनच्याच झांग मियाओशी. रिओची रौप्यपदक विजेती आणि तोपर्यंत भाविनाला कधीही न हरवता आलेली खेळाडू. पहिली गेम ७-११ अशी गेली. पुढच्या दोन भाविनाने ११-७, ११-४ अशा घेतल्या. चौथी ९-११ अशी पुन्हा झांगकडे. पाचव्या आणि निर्णायक गेममध्ये भाविनाने सुरुवातीलाच मोठी आघाडी घेतली. झांगने एकेक गुण मिळवत ती जवळपास पुसून टाकली. अशा वेळी हात थरथरतात, आधीचे सगळे पराभव आठवतात. भाविनाने विश्रांतीचा वेळ मागितला, श्वास घेतला आणि परत येऊन गेम ११-८ अशी संपवली.

अंतिम सामन्यात पुन्हा झोऊ यिंग. निकाल ७-११, ५-११, ६-११. एकोणीस मिनिटांत सामना आटोपला. सुवर्ण चीनला गेले आणि रौप्य भारताला. दीपा मलिक यांच्यानंतर पॅरालिम्पिक पदक मिळवणारी भाविना ही दुसरी भारतीय महिला. दुसऱ्याच दिवशी अवनी लेखराने नेमबाजीत सुवर्ण मिळवले आणि त्या स्पर्धेत भारताची एकूण पदके एकोणीस झाली. इतकी पदके भारताला त्यापूर्वी कधीच मिळाली नव्हती. सुंढियात त्या सकाळी गुलाल उधळला गेला, फटाके वाजले, लोकांनी गरबा केला. ज्या गावात ती दुसऱ्यांच्या आधाराने शाळेत गेली, ते गाव तिच्यासाठी रस्त्यावर आले होते.

पदकानंतर

पदकानंतर गुजरात सरकारने तीन कोटींचे बक्षीस जाहीर केले, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. अनेक खेळाडूंची गोष्ट सत्कारांपाशी संपते. भाविनाची संपली नाही. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने नायजेरियाच्या इफेचुक्वुडे इक्पेओईला १२-१०, ११-२, ११-९ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्याच गटात सोनल पटेलला कांस्य मिळाले. अहमदाबादच्या एकाच संस्थेतून निघालेल्या दोघी मैत्रिणी एकाच दिवशी पदकांसह उभ्या होत्या. पुढच्या वर्षी चीनच्या हांगझोऊ शहरात झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धेत भाविनाने कांस्य मिळवले.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तिला पदक मिळाले नाही. उपांत्यपूर्व फेरीत समोर पुन्हा तीच झोऊ यिंग आली. १२-१४, ९-११, ११-८, ६-११ असा सामना गेला. वर्तमानपत्रांनी ‘भाविनाचे आव्हान संपुष्टात’ असे छापले. आम्ही मात्र वर्गात मुलांकडून या तीन सामन्यांची बेरीज करून घेतली. टोकियोच्या पहिल्या सामन्यात झोऊ यिंगविरुद्ध चौदा गुण. चार दिवसांनी अंतिम सामन्यात अठरा. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये अडतीस आणि एक गेम जिंकलेली. तिन्ही सामने हरलेलेच आहेत. तरी या आकड्यांत प्रगती दिसते की नाही, हे मुलांनी स्वतःच सांगितले. परीक्षेत पहिला नंबर आला नाही म्हणून रागावणाऱ्या पालकांनीही ही बेरीज एकदा करून पाहावी.

पोलिओ आणि आपण

भाविनाच्या गोष्टीचा एक भाग आपल्या मोहल्ल्यांशी थेट जोडलेला आहे. १९९५ मध्ये देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. ठरलेल्या रविवारी आम्ही शिक्षक मंडळी अंगणवाडी सेविकांबरोबर बूथवर बसत असू. डोस दिलेल्या बाळाच्या करंगळीला शाई लावायची. मग पुढचे काही दिवस घरोघर जाऊन राहिलेली बाळे शोधायची आणि दारावर खडूने खूण करायची. काम झालेल्या घराला ‘पी’, राहिलेल्याला ‘एक्स’.

त्या काळात आपल्या काही वस्त्यांत अफवा पसरली होती की या थेंबांनी मुले पुढे निपुत्रिक होतात. दारे बंद होत. बाळ घरात असून ‘नानी के घर गया है’ असे सांगितले जाई. उत्तर प्रदेशात तर ही अफवा फार पसरली होती आणि तिथे पोलिओने मुस्लीम वस्त्यांतल्या मुलांचे जास्त नुकसान केले. मग अनेक उलेमांनी लसीच्या बाजूने आवाहने केली. अलीगढ मुस्लीम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया इस्लामिया या संस्था कामाला लागल्या. मशिदींतून घोषणा झाल्या. इमाम साहेबांनी स्वतःच्या नातवाला बूथवर आणून सर्वांसमोर डोस पाजला, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. त्या एका थेंबाने आमच्या दहा फेऱ्यांचे काम केले.

भारतातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्यासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या अफवेवर लोकांनी विश्वास ठेवला होता तिचे उत्तर आता समोर आहे. ज्यांनी त्या वेळी थेंब घेतले, ती मुले आज स्वतः आई-बाप झाली आहेत. शेजारच्या देशांत विषाणू अजून पुरता संपलेला नाही, म्हणून डोस चालूच ठेवायचे आहेत.

दाराच्या आतल्या मुली

पोलिओ गेला, पण अपंगत्व गेलेले नाही. जन्मतः मेंदूला इजा झालेली मुले आहेत, अपघातात पाय गमावलेली आहेत, ऐकू न येणारी, कमी दिसणारी आहेत. मुलगा असेल तर त्याला कसेबसे शाळेत पाठवले जाते. मुलगी असेल तर दार लावून घेतले जाते.

आमच्या माहितीतली एक मुलगी आहे. दोन्ही पाय जन्मापासून कमजोर. पाच वर्षे तिचा मोठा भाऊ तिला सायकलवर बसवून शाळेत आणत असे आणि उचलून वर्गात ठेवत असे. हस्ताक्षर इतके सुरेख की फळ्यावरचा सुविचार बाई तिच्याच वहीतून उतरवून घेत. भाऊ दहावी पास होऊन दुसरीकडे शिकायला गेला आणि तिची शाळाही त्याच्याबरोबर संपली. आम्ही घरी गेलो तेव्हा अब्बा गप्प बसून राहिले. अम्मी म्हणाली, “सर, उसको कौन लेके जाएगा? और बाथरूम का क्या?” शाळेच्या दारात तीन पायऱ्या होत्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आणखी दोन. पाच पायऱ्यांपाशी एका हुशार मुलीचे शिक्षण थांबले. नंतर तिथे उतार बांधला गेला, पण तोवर तिचे वर्ष गेले होते आणि घरच्यांचे मनही.

अम्मीचे दोन्ही प्रश्न खरे होते. त्यांना ‘हिंमत ठेवा’ हे उत्तर होऊ शकत नाही. म्हणून थोडे कायद्याचे सांगतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मानतो. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के, सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखीव आहेत. शाळेत उतार आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह मागणे ही मेहेरबानी मागणे नव्हे, तो हक्क आहे.

त्यासाठी पहिले पाऊल म्हणजे सरकारी रुग्णालयातून दाखला आणि त्यावरून मिळणारे ‘यूडीआयडी’ ओळखपत्र. पुष्कळ घरे हे कार्डच काढत नाहीत. कारण विचारले तर हळू आवाजात सांगतात की कागदावर लिहिले गेले तर धाकट्या बहिणींच्या रिश्त्याला अडचण येईल. रिश्त्याच्या धाकाने एका मुलीचे सगळे आयुष्य कागदावरून पुसून टाकायचे, हा कुठला न्याय?

खेळाबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे मुलींच्या खेळाविषयी घरात बऱ्याच शंका असतात. टेबल टेनिस हा खेळ चार भिंतींच्या आत, अंगभर कपड्यांत, थोड्याशा जागेत खेळता येतो. आणि तो आपल्या घरांना परकाही नाही. १९४९ ते १९५४ अशी सलग सहा वर्षे महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद हैदराबादच्या सईद सुलताना यांच्याकडे होते. सत्तर वर्षांपूर्वी एका दख्खनी मुस्लीम घरातली मुलगी देशात पहिली येत होती.

प्रत्येक मुलगी भाविना होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. सुंढियाच्या दुकानदारालाही आपली मुलगी टोकियोला जाईल हे ठाऊक नव्हते. त्याने फक्त तिला बारावीपर्यंत शिकवले आणि मग दुसऱ्या शहरात पाठवायचे धाडस केले. पुढचे त्या टेबलाने, त्या प्रशिक्षकाने आणि तिच्या स्वतःच्या मेहनतीने घडवले.

आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत, शादीखान्यात, जमातीच्या हॉलमध्ये आठवड्यातले चार दिवस जागा रिकामी असते. तिथे एक टेबल ठेवता येईल. दारात सिमेंटचा एक उतार करता येईल. दहा घरांनी वर्गणी काढली तर लग्नातल्या एका दिवसाच्या रोषणाईपेक्षा ते स्वस्त पडेल. आणि हे सगळे होण्याआधी, ज्या घरात अशी मुलगी आहे हे आपल्याला माहीत आहे, त्या घरी या महिन्यात एकदा जाऊन यावे. आईशी बोलावे, कार्ड काढले का ते विचारावे, रुग्णालयात सोबत जाण्याची तयारी दाखवावी. मुलीशीही बोलावे. तिला काय करायला आवडते, हे तिला आजवर कुणी विचारलेले नसण्याचीच शक्यता जास्त आहे. ती काय सांगेल ते ऐकून घ्यावे. पुढची वाट त्यातूनच निघेल, इन्शाअल्लाह.